उभयचरांची यादी आणि मराठीचा अध्यापक

१

जंगलातील बेडूक, साप, सरडे आणि कासवे यांची मोजदाद हा प्राणिशास्त्राचा विषय आहे. त्यात मराठीच्या अध्यापकांचे काय काम, असा प्रश्न कोणासही पडेल. प्रस्तुत लेखात आम्ही त्याचे उत्तर देऊ इच्छितो. आमचे म्हणणे दुहेरी आहे. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील उभयचर आणि सरीसृप यांची नोंद भाषेच्या अभ्यासकांवाचून अपुरी राहील, हे एक. आणि अशा नोंदीत भाग न घेतल्यामुळे आमच्या विषयाच्या अध्यापनाचेही नुकसान होत आहे, हे दुसरे.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. सुमारे साडेचौदा हजार चौरस किलोमीटरच्या या जिल्ह्याचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. पश्चिमेस ताडोबा, दक्षिणेस प्राणहिता आणि इंद्रावती, पूर्वेस भामरागडच्या डोंगररांगा, अशी या अरण्याची स्थूल चौकट सांगता येईल. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाची आहे ती भाषांची चौकट. येथे मराठी आणि झाडीबोली आहे, गोंडी आणि माडिया आहे, सिरोंच्याकडे तेलुगू आहे, कोरची-कुरखेड्याकडे छत्तीसगढी आहे आणि चामोर्शी-मुलचेरा भागात निर्वासित म्हणून आलेल्या कुटुंबांची बंगाली आहे. एकच साप एका जिल्ह्यात सरपटत जाताना किती भाषांतून जातो, याचा अंदाज यावरून यावा.

आता मोजदादीविषयी. तिची पद्धत समजून घेतल्याशिवाय तिच्यावर मत देणे योग्य नव्हे. उष्ण कटिबंधातील वनांत हे काम मुख्यतः पावसाळ्यात आणि रात्री करावे लागते. ठरावीक लांबीच्या पट्ट्यावरून किंवा ठरावीक वेळ चालून विजेरीच्या उजेडात जे दिसेल ते नोंदवायचे. पालापाचोळ्यात चौकोन आखून त्यातील प्रत्येक पान उलटून पाहायचे. जमिनीत बादल्या पुरून त्यांच्याकडे नेणारे बुटके कुंपण उभारायचे. नर बेडकांचे आवाज ध्वनिमुद्रित करायचे. सापडलेल्या प्राण्याची लांबी, वजन, जागा, उंची, तापमान, आर्द्रता, वेळ, सारे टिपायचे आणि प्राणी होता तेथे सोडून द्यायचा. यातील बऱ्याच जाती वर्षाचे आठ-नऊ महिने जमिनीखाली, झाडांच्या ढोलीत किंवा दगडांच्या फटीत असतात आणि पहिल्या मोठ्या पावसानंतरच्या काही रात्रीच बाहेर येतात. त्या रात्री जो तेथे नव्हता, त्याच्या लेखी ती जात त्या जंगलात नाहीच.

म्हणून या शास्त्रात एक भेद काटेकोरपणे पाळला जातो. ‘आढळली नाही’ आणि ‘नाही’ या दोन नोंदी एक मानल्या जात नाहीत. आम्हा साहित्याच्या लोकांना या भेदाची फार गरज आहे. अमुक बोलीत साहित्य नाही, अमुक समाजाला लिखित परंपरा नाही, अशी विधाने वाङ्मयेतिहासात सहज केली जातात. पाहणारा कोणत्या ऋतूत, कोणत्या वेळी आणि किती वेळ पाहत होता, हे मात्र विचारले जात नाही. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करीपर्यंत या बोलीकडे पुष्कळांनी अशुद्ध मराठी म्हणूनच पाहिले. बोली होतीच, ती ‘आढळली’ नव्हती.

२

मराठी साहित्यात प्राणी नाहीत असे नाही. साप तर पदोपदी आहे. वेदान्तातील रज्जू-सर्पाचा दृष्टांत आमच्या संतांनी इतक्या वेळा वापरला की मराठी वाचकाला खऱ्या सापापेक्षा दोरीवरचा साप अधिक परिचित आहे. बेडूक ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायात येतो तो कमळाच्या शेजारी राहूनही मकरंदाला मुकणारा अभागी म्हणून. संस्कृतातून आलेला कूपमंडूक आम्ही आजही निबंधांत वापरतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील मंडूकसूक्त हा या परंपरेतील सन्मान्य अपवाद होय. तेथे पावसाच्या आगमनाने बोलू लागलेल्या बेडकांची तुलना सोमयागात मंत्र म्हणणाऱ्या ब्राह्मणांशी केली आहे. आणि ती थट्टा की स्तुती यावर विद्वानांत वाद असला, तरी सूक्तकर्त्याने बेडूक नीट पाहिले आणि ऐकले होते, याविषयी शंका राहत नाही. त्यांच्या रंगांतला आणि आवाजांतला फरक त्याने टिपला आहे.

लोकाचारातील बेडूक मात्र केवळ दृष्टांत नाही. पाऊस लांबला की विदर्भातील खेड्यांत धोंडी काढतात. मुसळाला किंवा काठीला कडुनिंबाचा पाला आणि त्यात बेडूक बांधून पोरे घरोघर जातात, बाया वरून पाणी ओततात, धान्य देतात. बेडूक आणि पर्जन्य यांचा संबंध येथे श्रद्धेने धरलेला आहे. प्राणिशास्त्र तोच संबंध त्वचेवरून सांगते: बेडकाची कातडी पाणी आणि वायू आरपार जाऊ देणारी असते, म्हणून हवेतला आणि पाण्यातला बदल त्याला सर्वांआधी कळतो, आणि विषाराची बाधाही त्याला सर्वांआधी होते.

गेल्या शतकातील मराठी निसर्गलेखनाने आमची पाहण्याची रीत बदलली, हे मान्य केलेच पाहिजे. दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’, व्यंकटेश माडगूळकरांचे ‘नागझिरा’, हेमलकशाच्या प्राण्यांवरचे विलास मनोहर यांचे ‘नेगल’ ही पुस्तके प्राण्याला वा झाडाला रूपकाच्या कामावरून मुक्त करतात. या परंपरेतील सर्वांत मोठे काम मारुती चितमपल्ली यांचे. १९३२ मध्ये सोलापुरात जन्मलेला हा वनाधिकारी पूर्व विदर्भातील नवेगावबांध आणि नागझिऱ्याच्या जंगलांत वर्षानुवर्षे वावरला. २००६ च्या सोलापूर साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या ललित लेखनाची चर्चा पुष्कळ होते. आम्हाला येथे त्यांचे कोशकार्य अधिक महत्त्वाचे वाटते. माधवराव पाटलांसारख्या जाणत्यांकडून आणि जंगलात राहणाऱ्यांकडून त्यांनी नावे ऐकली, पडताळली आणि ‘पक्षिकोशा’त लावून ठेवली. कावळ्यांच्या वसतिस्थानाला ‘काकागार’ आणि बगळ्यांच्या वसतिस्थानाला ‘सारंगागार’ हे शब्द त्यांच्यामुळे मराठीत रुळले. शब्द मिळाला की वस्तू दिसू लागते, याचे याहून सरळ उदाहरण आम्हाला देता येणार नाही.

परंतु पक्ष्यांना जे लाभले ते बेडकांना लाभले नाही. शासनाने राज्यपक्षी म्हणून हरियाल, राज्यप्राणी म्हणून शेकरू आणि २०१५ मध्ये राज्यफुलपाखरू म्हणून ब्लू मॉरमॉन जाहीर केले. राज्याच्या जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावे दिली आणि ब्लू मॉरमॉन ‘नीलवंत’ झाला. बेडूक मात्र बेडूकच राहिला. सामान्य शहरी मराठी माणसाजवळ या सबंध वर्गासाठी बेडूक, फार तर भेक, एवढेच शब्द आहेत, आणि भारतात उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती आहेत. विश्वकोशाने बेडकाच्या पिलाला ‘भैकेर’ हा शब्द दिला, तो पाठ्यपुस्तकाबाहेर फारसा गेला नाही. लोक ‘बेडूकमासा’ म्हणत राहिले. सह्याद्रीतील पाय नसलेल्या उभयचराला ‘देवगांडूळ’ म्हणतात. गांडुळासारखा दिसणारा, पण गांडूळ नसलेला प्राणी, हे लक्षात आणून देणारे हे नाव कोणत्याही समितीला सुचले नसते.

३

शास्त्रीय नाव असताना देशी नावाची गरज काय, असा आक्षेप येथे घेतला जातो. शास्त्रीय नावे नि:संशय आवश्यक आहेत. पण ती आकाशातून पडत नाहीत. आमच्याच प्रदेशाशी संबंध असलेली तीन नावे पाहावीत.

पट्टेरी मण्यार हा काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचा साप महाराष्ट्रात प्रामुख्याने पूर्व विदर्भातच, म्हणजे चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाजूस आढळतो. मण्यारींच्या कुळाचे शास्त्रीय नाव आहे बंगारस. हे लॅटिन वाटते, पण ते तेलुगू आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या पॅट्रिक रसेल यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांचा ग्रंथ १७९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी लोकांकडून ऐकलेली नावे दिली. त्यांतील एक होते ‘बंगारम पामा’, सोनेरी साप. पुढे १८०३ मध्ये फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ दोदँ यांनी त्यावरून बंगारस हे कुळनाम केले. सिरोंच्यातील तेलुगू बोलणाऱ्या माणसाचा शब्द, त्याला न कळत, जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जातो.

दुसरे नाव बारापासॉरस. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यातील जुरासिक काळातील खडकांना सिरोंचा तालुक्यातील कोटा या गावावरून ‘कोटा शैलसमूह’ म्हणतात. त्यात सापडलेल्या महाकाय सरीसृपाचे उत्खनन १९६१ मध्ये, रवींद्रनाथांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केले. १९७५ मध्ये त्याचे नामकरण झाले बारापासॉरस टागोराय. ‘बडो पा’ म्हणजे बंगालीत मोठा पाय. शास्त्रज्ञ बंगाली बोलत होते, म्हणून डायनोसॉरही बंगाली झाला.

तिसरे नाव मराठी आहे, आणि ते आमच्या विद्यार्थ्यांना माहीत नसावे याचे आम्हाला वाईट वाटते. गळ्याखाली रंगीत पंखा फुलविणाऱ्या सरड्यांचा नव्याने अभ्यास होऊन २०१६ मध्ये एक स्वतंत्र कुळ वेगळे काढण्यात आले. त्याचे नाव ठेवले सरडा. त्यातील एका जातीचा मूळ नमुना साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरचा आहे. कुंपणावरच्या सरड्याला आम्ही ज्या नावाने हाक मारतो तेच नाव आता आंतरराष्ट्रीय नामावलीत आहे.

तेलुगू झाली, बंगाली झाली, मराठी झाली. या जिल्ह्यांतील सर्वांत जुन्या भाषांची, गोंडी आणि माडियाची, पाळी मात्र आलेली नाही. यातील विरोधाभास लक्षणीय आहे. दक्षिण गोलार्धातील खंड ज्या एका प्राचीन महाखंडातून फुटले त्याला सबंध जग गोंडवन म्हणते. गोंडांच्या भूमीचे नाव पृथ्वीच्या इतिहासावर कोरले गेले आहे. पण त्या भूमीतल्या बेडकांच्या यादीत शास्त्रीय नाव, इंग्रजी नाव आणि क्वचित मराठी नाव यांच्या पुढे गोंडी वा माडिया नावाचा रकाना सहसा नसतो.

एके काळी हे दोन्ही उद्योग एकाच माणसाने केले होते, हे येथे सांगितले पाहिजे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या भागातील जीवाश्म गोळा करून लंडनला पाठविले. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे साठ मैलांवरील मांगली येथून मिळालेल्या एका प्राचीन उभयचराच्या कवटीचे वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स या नावाने केले. वरोरा तालुक्यातील पिसदुऱ्याचे जीवाश्मही हिस्लॉप यांच्यामुळे अभ्यासकांना माहीत झाले. त्याच पिसदुऱ्याच्या डायनोसॉरांच्या अश्मीभूत विष्ठेत गवताचे अवशेष असल्याचे २००५ मध्ये सिद्ध होऊन गवताच्या उत्पत्तीचा काळ मागे न्यावा लागला. या हिस्लॉप यांनी गोंडी शब्दांच्या याद्याही केल्या आणि लिंगोचे गीत लिहून घेतले. १८६३ मध्ये ते बुडून मरण पावल्यावर त्यांची ही टिपणे रिचर्ड टेंपल यांनी संपादून १८६६ मध्ये छापली. हिस्लॉप यांचा मूळ हेतू धर्मप्रसाराचा होता, हे विसरण्याचे कारण नाही. तरीही खडकातला उभयचर आणि तोंडातला शब्द या दोहोंची नोंद एकाच वहीत करावी, असे त्यांना वाटले. नंतर विद्यापीठे आली, विभाग आले, आणि ती वही फाडून वाटून घेण्यात आली.

४

नावांचा हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. चुकीचे नाव प्राण्याचा जीव घेते आणि कधी माणसाचाही.

मांडूळ हा निरुपद्रवी साप. त्याचे शेपूट बोथट असते, म्हणून त्याला ‘दुतोंड्या’ म्हणतात. या एका शब्दातून गुप्तधनाच्या आणि लाखोंच्या किमतीच्या कथा निघाल्या आणि त्याची चोरटी विक्री सुरू झाली. घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय ‘हाथाजोडी’ या नावाने, एका दुर्मीळ वनस्पतीचे मूळ म्हणून विकले जात असल्याचे २०१७ मध्ये उघड झाले. येथे तर नाव हाच गुन्ह्याचा बुरखा होता. चकचकीत अंगाच्या निरुपद्रवी सापसुरळीला ‘सापाची मावशी’ म्हणतात. नाते मोठे गोड आहे, पण त्यातून तिच्यावर विषाचा आळ आला आणि ती झाडूखाली मरते. कवड्या हा बिनविषारी साप मण्यारीसारखा दिसतो म्हणून मारला जातो. उलट मण्यारीला कवड्या समजून हात लावणाऱ्याचे काय होते, हे सांगायला नको.

सर्पदंशाने भारतात दर वर्षी सरासरी ५८ हजार माणसे मरतात, असा अंदाज २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासातून २०२० मध्ये मांडण्यात आला. मरणारे बहुतेक ग्रामीण, शेतात आणि जंगलात काम करणारे असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय रोगांच्या यादीत घेतले, आणि २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र शासनाने २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून बनते. पट्टेरी मण्यार त्यांत नाही. तिचे दंश विरळ असले, तरी कोणत्या तालुक्यात कोणता विषारी साप राहतो याची खात्रीची यादी असणे ही चैनीची गोष्ट नव्हे, हे यावरून दिसावे. उपचार मुख्यतः लक्षणांवरून करतात, हे खरे. पण दवाखान्यात येणारा माणूस आपल्या भाषेतच बोलतो. विदर्भात घोणशीला ‘परड’ म्हणतात. कोकणातून वा मराठवाड्यातून बदली होऊन आलेल्या डॉक्टराला हा शब्द ठाऊक असेलच असे नाही. मग माडियातल्या नावाचे काय? अशा वेळी एक पानी शब्दसूची ही औषधांच्या कपाटाइतकीच उपयोगाची ठरेल.

दुसरी गोष्ट अरण्याच्या भवितव्याची. चंद्रपूरचा कोळसा आणि सूरजागडचे लोहखनिज यांमुळे हे जिल्हे खाणींचे जिल्हे झाले आहेत. खाण उघडण्यापूर्वी पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो आणि त्यात त्या परिसरातील प्राण्यांची यादी असते. अशा प्रकल्पांसाठीच्या प्रमाणित कार्यकक्षेत पावसाळा वगळून एका हंगामाची आधारभूत माहिती मागितलेली असते; वनस्पती आणि प्राणी यांची नोंदही त्यातच येते. हवा आणि धूळ मोजण्यासाठी पावसाळा वगळणे समजण्यासारखे आहे. पण जो प्राणिवर्ग पावसाळ्यातच बाहेर येतो त्याची गणती पावसाळा सोडून करणे म्हणजे काय, याचा विचार वाचकांनीच करावा. कोणाचा वाईट हेतू असण्याचीही येथे आवश्यकता नाही. ऋतूच असा निवडला आहे की ‘आढळले नाही’ हे प्रामाणिक विधान ठरते, आणि पुढच्या टेबलावर ते ‘नाही’ म्हणून वाचले जाते.

कोस्टा रिकातील माँटेव्हर्दे या डोंगरी अरण्यातील सोनेरी भेकाची कथा यासंबंधात आठवते. १९६० च्या दशकात त्याला शास्त्रीय नाव मिळाले. १९८७ च्या हंगामात तेथे दीड हजारांहून अधिक भेक मोजले गेले होते. १९८९ मध्ये एकच दिसला, आणि त्यानंतर एकही नाही. तो गेला हे जगाला कळले, कारण कोणीतरी आधी मोजून ठेवले होते. ज्यांची मोजदादच झाली नाही त्यांचे जाणे कळतही नाही. जगातील उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात असल्याचे २०२३ च्या जागतिक मूल्यमापनाने सांगितले आहे.

आपल्या सह्याद्रीकडे अभ्यासकांचे लक्ष गेले, ही आनंदाची गोष्ट आहे. कोयनेच्या परिसरातील भेकाचे वर्णन सोमण यांनी १९६३ मध्ये केले. आंबोलीचा भेक २००९ मध्ये शास्त्राला कळला. पूर्वेकडील अरण्यांच्या वाट्याला मुख्यतः वाघ आला. ताडोबा १९५५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे जाणारा पर्यटक वाघ दिसला नाही तर ‘काहीच दिसले नाही’ म्हणून परततो. ‘काहीच’ या शब्दात त्या दिवशी किती प्राणी मावले असतील!

५

मग मराठीच्या अध्यापकाने करावे काय? बेडूक ओळखणे हे त्याचे काम नव्हे, आणि त्याने तसा आवही आणू नये. जात ठरविणे प्राणिशास्त्रज्ञाकडे, शब्द ठरविणे आमच्याकडे, अशी श्रमविभागणी असावी. पाहणीच्या पथकात भाषेचा एक विद्यार्थी असावा. प्राण्याचे छायाचित्र आणि बेडकाचा ध्वनिमुद्रित आवाज घेऊन त्याने गावातील जाणत्यांकडे जावे आणि नाव विचारावे. नाव कोणी सांगितले, कोणत्या गावात, कोणत्या भाषेत, त्याचा अर्थ ते काय सांगतात, तो प्राणी खातात की पाळतात की टाळतात, एखाद्या कुळाचे दैवक म्हणून त्याला अभय आहे का, हे सारे टिपावे. सांगणाऱ्याला दुरुस्त करू नये. एका नावाखाली शास्त्राच्या चार जाती निघतील, कधी एकाच जातीच्या नराला आणि मादीला दोन नावे निघतील. दोन्ही गोष्टी भाषेचा अभ्यासक म्हणून आमच्या दृष्टीने मोलाच्या आहेत, कारण त्यांतून तो समाज जगाची विभागणी कशी करतो ते कळते.

यासाठी नवी संस्था काढण्याची आवश्यकता नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावच्या समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवही करावी अशी तरतूद केली आहे. स्थानिक नावांची जागा त्या नोंदवहीत आहे. ती भरणारे कान हवे आहेत. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. गावाने अभ्यासगट स्थापून स्वतःच शिकण्याची जी रीत घालून दिली, ती आमच्या वर्गांनाही अनुकरणीय आहे. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. त्याच्याशी संलग्न महाविद्यालयांत प्राणिशास्त्राचे आणि मराठीचे विद्यार्थी बहुधा एकाच आवारात शिकतात. दोन विभागांनी एका पावसाळ्यात एका तालुक्याची पाहणी एकत्र करणे अशक्य का असावे? पदव्युत्तर वर्गातील प्रबंधिकांचे तेच ते विषय पाहता, ‘एटापल्ली तालुक्यातील बेडकांची माडिया नावे’ हा विषय आम्ही कोणत्याही कादंबरीकाराच्या स्त्रीचित्रणापेक्षा आनंदाने स्वीकारू.

दोन पथ्ये मात्र पाळायला हवीत. पहिले, जमविलेली नावे आधी त्या गावाची, मग विद्यापीठाची. त्यांची प्रत ग्रामसभेकडे राहिली पाहिजे, आणि छापताना सांगणाऱ्याचे श्रेय त्याला विचारून दिले पाहिजे. रसेल यांना ‘बंगारम पामा’ सांगणारा कोण होता, हे शास्त्राने लक्षात ठेवले नाही. तसे पुन्हा होऊ नये. दुसरे, नावे जमविण्याच्या आधी नावे घडवायला बसू नये. संस्कृत धातूंतून सुबक नाव करणे आम्हाला सहज जमते, आणि तेच धोक्याचे आहे. ‘सरीसृप’ हा सुंदर शब्द आहे. सरपटण्याची पुनरावृत्ती त्याच्या घडणीतच ऐकू येते. पण वर्गाला असे नाव शोभते, गावातल्या प्राण्याला त्याचे घरचे नाव असते. ते असताना नवे नाव देणे म्हणजे बारसे झालेल्या मुलाचे पुन्हा बारसे करणे होय. जेथे कोणत्याच भाषेत नाव मिळणार नाही, तेथे नाव घडवायला आम्ही आहोतच.

आणखी एक आक्षेप उरतो. या सर्वांतून साहित्याला काय मिळणार? आमचे उत्तर साधे आहे. ज्या विद्यार्थ्याने पावसाळी रात्री एक तास उभे राहून तीन बेडकांचे आवाज वेगळे केले आहेत, तो मंडूकसूक्त वाचताना भाष्यकारावर विसंबून राहणार नाही. कमळाशेजारचा दर्दुर हा दृष्टांत तो तरीही मान्य करील, कारण ज्ञानेश्वरांना सांगायचे होते ते वेगळे होते. पण दृष्टांतातला प्राणी आणि डबक्यातला प्राणी यांतले अंतर त्याला कळेल. साहित्याच्या अध्यापनातून हे अंतर कळणे आम्हाला फार मोलाचे वाटते. वाचकांपैकी जे अध्यापक या जिल्ह्यांत वा लगतच्या गोंदिया, भंडारा, यवतमाळ जिल्ह्यांत शिकवितात, त्यांनी आपापल्या भागात बेडकांना, सापांना, सरड्यांना काय म्हणतात ते आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. पहिला पाऊस पडण्यापूर्वी वह्या तयार असाव्यात.